मोकळे अंगण, उघडा संसार

हिंगोलीहून औंढा नागनाथच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बुटके, सपाट माथ्याचे डोंगर सोबतीला येतात. शाळेच्या भूगोलात यांना हिंगोलीचे डोंगर म्हणतात. अजिंठ्याच्या रांगेचे हे पूर्वेकडे उतरत गेलेले फाटे. सह्याद्रीसारखा त्यांचा दरारा नाही, गड चढायला कुणी इकडे येत नाही. पण सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतली कितीतरी गावे या डोंगरांच्या पायथ्याशी वसली आहेत. कयाधू याच मुलखातून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, त्याच्याही कितीतरी आधीपासून माणसे या उतारांवर चूल मांडून आहेत.

कोण कुठे राहतो, हे इथे लांबूनच ओळखता येते. काळ्या रानाजवळ, विहिरीजवळ मूळ गाव. टेकाडावर बंजारा बांधवांचा तांडा. डोंगराला अगदी चिकटून आंध आदिवासींची वाडी. आणि गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला किंवा मुरमाड उतारावर आपला वाडा. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाईनगर ही नावे नंतर आली. जागा मात्र तीच राहिली. काळी जमीन पिकाला, म्हणून ती ज्याच्या हाती सत्ता त्याची. मुरूम कुणाला नको, म्हणून तो आपल्याला. यात गंमत अशी की घर बांधायला मुरूमच चांगला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात. मुरमावरचा पाया बसत नाही. हलकी म्हणून दिलेली जागा घराला भारी निघाली! देणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल असे आम्हाला वाटत नाही.

आजकाल शहरातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात. डोंगराच्या कुशीत घर, पहाटे पाखरांचे आवाज, मोकळी हवा, घरासमोर हिरवळ. आपल्या वस्तीत हे सारे जन्मापासून आहे, त्याची कधी जाहिरात झाली नाही. कारण आपल्या आयाबहिणींना विचारा, त्या सांगतील: बाहेर राहणे दोन तऱ्हांचे असते. एक उघड्यावरचे आणि एक मोकळे. घरात जागा नाही म्हणून बाळंतिणीची बाज ओसरीला टाकावी लागते, ते उघड्यावरचे. उन्हाळ्याच्या रात्री घरात जागा असूनही वाऱ्यासाठी अंगणात बाज टाकतो, ते मोकळे. अंधार पडेपर्यंत पोटातली कळ दाबून ठेवायची आणि मग चौघीजणींनी मिळून ओढ्याकडे जायचे, ते उघड्यावरचे. संध्याकाळी काम आटोपून विहाराच्या ओट्यावर चौघीजणींनी बसायचे, ते मोकळे. जागा तीच, आभाळ तेच. फरक पडतो तो आपल्याला निवड होती की नव्हती याने.

म्हणून 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर बोल ऐकवले, ते आम्हाला आजही पटतात. खेड्याच्या मोकळ्या हवेचे गोडवे गाणारे बहुधा गावकुसाच्या आत राहणारे होते. पण बाबासाहेबांना डोंगर आणि झाडे नकोशी होती असे कुणी म्हणेल तर ते चूक. मराठवाड्यातल्या आपल्या मुलांसाठी त्यांनी 1950 साली महाविद्यालय काढले ते औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बौद्ध लेणी असलेल्या डोंगराच्या बाजूला. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. महाविद्यालयाचे नाव मिलिंद, परिसराचे नाव नागसेनवन. वन म्हटले त्यांनी. वसतिगृहे, मैदाने, झाडी आणि त्यात राहून शिकणारी मुले. आमच्या भागातले जे लोक तिथे राहून शिकले, ते पुस्तकांइतकेच तिथल्या झाडांबद्दल बोलतात. डोंगराच्या पायथ्याला सन्मानाने राहता येते, याचा आपल्याकडचा तो पहिला नमुना म्हणावा.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. एप्रिल-मेच्या दिवसांत या पायथ्याच्या वस्त्यांत घराच्या आत फक्त सामान राहते, संसार सगळा बाहेर असतो. पहाटे सडा पडला की तिथूनच दिवस सुरू. रांजण लिंबाखाली. जर्मनच्या पातेल्यात पाणी तापते ती चूल अंगणात, कारण आत पेटवली तर पत्र्याखाली जीव गुदमरतो. निवडणे, पाखडणे, गोधडी शिवणे, लेकराला तेल लावणे, पापड-कुरडया वाळवणे, सारे अंगणात. दुपारी सावली सरकत जाते तशी माणसे सरकतात. रात्री बाजा पडतात आणि या बाजेवरून त्या बाजेवर बोलणे चालू राहते. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाला मुकादमाने उचल किती दिली, पोराच्या परीक्षेचे काय झाले. वस्तीची खरी बैठक हीच. एखादी सून बोलेनाशी झाली तर शेजारणीच्या ध्यानात येते ते इथेच. बंद दाराआड ते कुणाला कळणार?

पावसाळ्यात डोंगर पोटाला लागतो. पहिल्या सरीनंतर तरोटा, मग कुरडू, चिघळ, कर्टुली. भादव्यानंतर सीताफळे. ही भाजी विकत आणलेली नसते, पण फुकटही नसते. तिच्यामागे बाईची अर्ध्या दिवसाची पायपीट असते, काट्यांनी ओरबाडलेले हात असतात. पूर्वी मुले आजीबरोबर डोंगराला जायची तेव्हा त्यांना पाल्यावरून भाजी ओळखता यायची. आज आठवीतल्या मुलाला विचारा, त्याला पळस तेवढा ओळखता येतो, तोही फुले आली तर. आंध आणि बंजारा बायांना अजून बरेच ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर मुलांना एखाद्या रविवारी पाठवायला काय हरकत आहे? शेजारी आहेत आपले.

वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते तेव्हा बाहेर पाऊस असतो. सगळे आत दाटीने बसतात. मात्र पाऊस उघडला की वाचन ओट्यावर येते, आणि श्रोते वाढतात असा आमचा अनुभव आहे. ओट्यावर बसलेल्याला उठून जाणे सोपे, म्हणून येणेही सोपे.

हळदीच्या दिवसांत तर अंगणाची किंमत पैशात मोजता येते. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. पण ती हळद ज्यांच्या हातून जाते त्यांचे काय? मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीपासून पुढे निघते. कंद वेचायचे, माती झाडायची, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, मग पंधरा-पंधरा दिवस उन्हात पसरून वाळवायची आणि घोळून चकाकी आणायची. वेचणीला आपल्या बाया मजुरीने जातात. ज्यांनी बटाईने थोडे रान केले आहे त्यांना हळद वाळवायला जागा लागते. अंगण असेल तर घरचे माणूस राखण करते. अंगण नसेल तर दुसऱ्याच्या खळ्यावर, त्याच्या मर्जीने. रात्री अवकाळी पाऊस आला की धावत जायचे ते दुसऱ्याच्या दारात.

आणि नेमके हेच अंगण आपण हातचे घालवत चाललो आहोत. ते कसे, हे आकड्यांत पाहा.

घरकुल योजनेत घराचा किमान आकार 25 चौरस मीटर धरला आहे, म्हणजे 269 चौरस फूट. ज्याला जागाच नाही त्याला जागा खरेदीसाठी जी मदत आहे, ती 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेचा हिशेब धरते. 500 मधून 269 गेले, उरले 231. म्हणजे साधारण 11 फूट रुंद आणि 21 फूट लांब. यात एक न्हाणी, एक संडास, एक बाज, एक लिंब, कोंबड्यांचा डालगा आणि लेकरांच्या उड्या बसवायच्या आहेत. बसतात, जर पहिल्यापासून ठरवले तर. पण होते काय? इंजिनिअर येतो, मधोमध चुना टाकतो. घर मध्यावर आले की चहूबाजूंनी तीन-तीन, चार-चार फुटांच्या पट्ट्या उरतात. तिथे धड बाज मावत नाही, धड झाड. घर एका कडेला सरकवले, मागची भिंत हद्दीच्या शक्य तितकी जवळ घेतली, तर सगळी मोकळी जागा पुढे एकत्र येते. खर्च तोच, सिमेंट तेवढेच. एवढी एक गोष्ट घरच्या बाईला विचारून ठरवली तरी पुढची तीस वर्षे सुखाची जातील. चुना पडताना बहुतेक ठिकाणी ती रोजाने गेलेली असते, हेच दुखणे आहे.

पुढे मुलगा मोठा होतो, लग्न होते, पुढच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोली पडते. ते टाळता येत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण आजकाल खोलीची गरज नसतानाही अंगणाला फरशी लावून, चारी बाजूंनी भिंत घालून, वर पत्रे टाकण्याची हौस आली आहे. मातीचे अंगण म्हणजे गरिबी आणि फरशी म्हणजे प्रगती असे कुठेतरी मनात बसले आहे. वर स्लॅब, खाली फरशी, भोवती पत्रे, आणि मग मे महिन्यात रात्री बारापर्यंत भिंती गरम. दिवसभर प्यालेले ऊन स्लॅब रात्री सोडतो. दोन कूलर घेऊनही झोप येत नाही आणि विजेचे बिल भरायला उचल घ्यावी लागते. घराच्या पश्चिमेला एक लिंब लावला तर दुपारनंतरचे ऊन भिंतीवर पडत नाही. लिंबाला चार-पाच वर्षे द्यावी लागतात, एवढेच.

इथे जमिनीच्या कागदाची गोष्ट आल्याशिवाय राहत नाही. कारण डोंगराच्या पायथ्याची पुष्कळ घरे गायरानावर उभी आहेत. हे गायरान कुणी खिरापत वाटल्यासारखे दिलेले नाही. 1953 साली हा मुलूख हैदराबाद राज्यात असताना मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 चे देशभर गाजलेले लढे झाले, बायामाणसे लेकरांसह तुरुंगात गेली. त्यानंतर राज्य सरकारने 1991 च्या नोव्हेंबरात निर्णय घेऊन 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. ज्यांनी तेव्हा कागद पुरे केले ते सुटले. ज्यांचे राहिले त्यांच्या मानेवर अजून नोटीस आहे. 28 जानेवारी 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक गावजमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. मात्र भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे, हे नोटीस घेऊन येणारा सांगत नाही. राहत्या घरांसाठी राज्याने 2018 च्या फेब्रुवारीत वेगळा निर्णय काढला, त्यात 2011 पूर्वीच्या घरांचा विचार झाला आहे.

तेव्हा घरातला पत्र्याचा डबा काढा. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा आणि घरपट्टीची पावती असली म्हणजे जागा आपल्या मालकीची झाली, असा समज सार्वत्रिक आहे. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा कागद नव्हे. पण घर केव्हापासून आहे याचा तो पुरावा आहे, म्हणून जुनी पावती जपायची. 2020 पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागले. ते गावठाणाच्या आत. आपली वस्ती गावठाणाच्या रेघेच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर बोट ठेवून विचारले पाहिजे. जुन्या काळी गावकूस दगडाचे होते, दिसायचे तरी. आताची रेघ कागदावर आहे.

ही घाई कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे कारण, डोंगराच्या पायथ्याची जागा जगभर महाग होत चालली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत साउथ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथे ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याला वीज कंपनीने 1970 च्या सुमारास किओवी आणि जोकॅसी ही दोन मोठी धरणे-तलाव बांधले. आज त्या काठांवर निवृत्त श्रीमंतांच्या वसाहती आहेत. बोटी, फिरायच्या वाटा, गोल्फची मैदाने. किओवी हे नाव मुळात चेरोकी आदिवासींच्या गावाचे. त्या गावाची जागा तलावाच्या पाण्याखाली गेली. नाव तेवढे पाट्यांवर राहिले. आपल्या राज्यात मुळशीच्या डोंगरात लवासा उभी राहिली. 2010 साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने तिचे काम थांबवले, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर जो कापला गेला तो कापलेलाच आहे.

आपल्याकडे एवढे काही झालेले नाही. पण औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो नावाचा प्रचंड वैज्ञानिक प्रकल्प येत आहे. दूर अवकाशात दोन अजस्र तारे एकमेकांवर आदळले तर त्याने उठणारे सूक्ष्म तरंग पकडणारे ते यंत्र. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या भुजा. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्यासाठी 2600 कोटींची मंजुरी दिली. जागा निवडताना जमीन शांत हवी होती, मोठी वाहतूक, कारखाने यांच्या धडधडीपासून लांब. ज्या शांततेला आजवर मागासलेपण म्हणत होतो ती शास्त्रज्ञांनी निवडून घेतली! आम्हाला या प्रकल्पाचा आनंद आहे. आपली मुले तिथे तंत्रज्ञ म्हणून जावीत, निव्वळ चौकीदार म्हणून नव्हे. पण मोठा प्रकल्प आला की रस्ता येतो, रस्त्यामागून प्लॉट पाडणारे येतात, आणि तेव्हा कागद नसलेला माणूस आधी हलतो. सिद्धेश्वर, इसापूरच्या पाण्याकाठीही उद्या हॉटेले आणि फार्महाऊस होतील. ज्यांची राने त्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांना त्या काठावर बसायला तिकीट लागू नये, एवढे आत्तापासून ग्रामसभेत बोलून ठेवावे.

शांत जमीन म्हटले खरे, पण तिच्या पोटातही कधी कधी गुरगुरते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. 21 मार्च 2024 रोजी पहाटे सहाच्या सुमारास 4.5 चा धक्का बसला, नंतर 10 जुलैला सकाळी तेवढाच दुसरा. दोन्ही वेळा केंद्र कळमनुरी तालुक्यात. तेव्हा प्रशासनाने सांगितले होते की पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून टाका. ते सांगणे आपल्या वस्त्यांसाठीच होते, कारण पत्र्यावर दगड आपल्याच घरांवर असतात. किती घरांचे दगड आज खाली आहेत? 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. वरचे ओझे हलके असावे आणि पत्रा हूक-बोल्टने आवळलेला असावा, त्यासाठी पाच-सातशे रुपये आणि एक दिवस पुरतो.

डोंगर कोसळण्याची भीती मात्र आपल्याकडे कमी. माळीण 30 जुलै 2014 ला गेले, इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. ती सह्याद्रीतल्या धो-धो पावसाची, उभ्या कड्यांची गावे. आपले डोंगर बुटके आहेत. आपला धोका ओढ्याचा. वर्षभर कोरडा राहणारा ओढा तासाभरात छातीइतका होतो. 2022 च्या जुलैत वसमत तालुक्यात कुरुंद्याला पाणी घरांत शिरले ते सगळ्यांनी पाहिले. नवे घर बांधताना म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आले होते. त्या खुणेच्या खाली जोते घेऊ नका.

आणि बाहेर झोपणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी आम्ही या पानावर पुन्हा पुन्हा सांगत राहू. खाली अंथरूण टाकून झोपू नका, बाज वापरा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरतो आणि खाली झोपलेल्याला चावतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, घशाशी गिळवत नाही. लेकराचे पोट दुखते म्हणून ओवा देत बसतात आणि वेळ निघून जाते. पावसाळ्यात असे झाले की कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. विषावरचे इंजेक्शन तिथे मोफत मिळते.

संडासाबद्दलही बोलले पाहिजे. 2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. आपल्या वस्त्यांत संडास बांधले गेले हेही खरे. पण पाणी नसलेल्या संडासात सरपण आणि तुऱ्हाट्या ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. यासाठी बाईला नावे ठेवणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात दोन घागरी डोक्यावर घेऊन चढ चढून दाखवावा. नळयोजनेचे पाणी गावात येते आणि उंचावरच्या वस्तीला येईपर्यंत त्याचा दाब संपतो. टाकी कुठे बांधायची हे ठरते तेव्हा ती वस्तीच्या वरच्या अंगाला बांधा, असा आग्रह धरला तर पाणी उताराने सगळ्यांना मिळते. टाकी गावच्या चौकात झाली की आपल्या वाट्याला फक्त पाइप येतो.

शेवटी पोरांचे. पहाटे पाचला या डोंगरकडेच्या रस्त्यांवर जी मुले धावताना दिसतात ती हौशी व्यायाम करणारी नव्हेत. ती पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. मैदानी परीक्षेला 50 गुण. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. चढ-उताराच्या वाटेवर धावलेल्या पोरांचा दम सपाटीवर टिकतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. आता मुलीही धावतात. पण त्या रस्त्याच्या कडेने धावतात, अंधारात, मागून टिप्पर येत असतो, आणि एखाद्या टवाळाची गाडीही. म्हणून काही आया स्वतः ओढणी कमरेला खोचून पहाटे कडेला उभ्या राहतात.

त्यांच्यासाठी गायरानाचा एक तुकडा मैदान म्हणून राखून ठेवा, असा अर्ज ग्रामसभेत द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. सभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला भरते. अर्जाची पोच घ्या. मैदान मंजूर होईपर्यंत दोरीने 400 मीटरचा घेरा मोजून चुन्याने आखता येतो. मुलींना त्याच्या दोन फेऱ्या, मुलांना चार. जमीन मुरमाची असेल तर पावसातही पाय रुतत नाही.